न्हाणीत चेहरा दिसला पाहिजे

२ जानेवारी, शुक्रवार

सेनगावच्या पुनमचंदच्या हार्डवेअर दुकानातून ही डायरी फुकट भेटली. दर साली भेटते, आन दर साली तारा तिच्यात वाती ठेवते. यंदा मी लिहून राहिलो. घरात बोलायला कोणी न्हाई म्हणून न्हाई. कामाची नोंद असावी म्हणून.

तारा हिंगोलीला हाय, पोरीकडं. गेल्या रविवारी न्हाणीत घसरली. हाड मोडलं न्हाई, मनगट सुजलं. नीलांबरी जीप करून आली आन आईला उचलून घेऊन गेली. जाता जाता न्हाणीच्या दारात उभी राहून फरशीकडं अशी बघून राहिली जसं काय फरशीनंच उठून आईला धक्का दिला.

तिथं डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, नजरच न्हाई राहिली. घ्या. मंग दोष कोणाचा? फरशी तर जागेवरच होती.

पण पोरगी शिकलेली, ती ऐकंल तर. फोनवर म्हणे, बाबा, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर आई परत पडली तर डोळा जाईल. ती न्हाणी बुळबुळीत हाय, सांध्यासांध्यांत शेवाळ हाय. नीट करा. रथसप्तमीचं हळदीकुंकू आईला आपल्या घरीच करायचंय, तवर झाली तर आणते. न्हाई झाली तर आई इथंच राहील, कायमची.

मी म्हणलं, राहू दे. मला काय तकलीफ न्हाई.

फोन ठेवला. मंग परत लावला आन सांगितलं, दोन दिवसांचं काम हाय.

३ जानेवारी, शनिवार

न्हाणीची पाहणी केली.

टाइल्स एक नंबर. मी स्वतः निवडल्या, दोन साल झाले. पुनमचंद मला हत्तीच्या कातड्यासारख्या करड्या, खडबडीत टाइल्स दाखवून राहिला होता. मी म्हणलं, चमकणाऱ्या काढ, चेहरा दिसला पाहिजे. तो म्हणे, काका, वो दीवार की है, नीचे मत लगाओ. मी म्हणलं, टाइलला काय माहीत ती भिंतीला लागली का खाली? त्यानं बिल फाडलं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला असा सवाल कोणी करतच न्हाई.

त्याच्या आधी तिथं एक काळा दगड होता. तारा लग्न होऊन आली तवापासूनचा. दर साली टाकीवाली पारुबाई यायची, पाटा-वरवंट्याला छिन्नीनं टकटक टकटक टाकी घालायची आन जाता जाता न्हाणीच्या दगडालाबी घालून जायची. पायाला खरबरीत. दिसायला कसा, तर म्हशीच्या गोठ्यातला. मी उचलून बाहेर टाकला. शेजारच्या सोनाजीनं धुणं धुवायला नेला. नेऊ दे, बिचाऱ्याला टाइल्स कुठून भेटणार.

शेवाळ हाय, पण थोडंच. बोअरचं पाणी खारं, त्यानं पांढरा थर बसला. सांधे काळे पडले. बाकी न्हाणी ठीकच.

उद्या पहाटे पाचला उठून काम सुरू.

४ जानेवारी, रविवार

साडेसातला जाग आली. थंडीत शेवाळ कुठं पळून जातं?

देवळातली पूजा करून येईपर्यंत दहा झाले. मंग लागलो. चिंच, राख आन नारळाचा काथ्या. जन्म गेला माझा महादेवाची पिंड धुण्यात. गाभाऱ्यातली फरशी, नंदी, पायऱ्या, समदं माझ्या हाताखालचं. दगडाचं मला कोणी सांगू नये.

जावयानं व्हिडिओ पाठवला. एक पोरगं हातात रबरी मोजे घालून टूथब्रशनं टाइल्सचे सांधे घासून राहिलंय, मागं गाणं लावलंय. गावात निम्म्या लोकाला दात घासायला टाइम न्हाई आन हे सांध्याला ब्रश करून राहिले. मी अंगठा पाठवला.

दुपारपर्यंत घासलं. कंबर धरली. न्हाणीत चिंचेचा वास सुटला. सोनाजी भिंतीवरून मुंडकं काढून म्हणे, उद्धवराव, वहिनी न्हाईत तर आमटी न्हाणीत करून राहिले का? मी काथ्या अजून जोरात चालवला. त्याला काम न्हाई.

थर तसाच. पितळ निघतं चिंचेनं. म्हणजे टाइलमदीच खोट हाय.

६ जानेवारी, मंगळवार

ताराच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भिंग टाकलं. नीलांबरीनं फोन तिच्या कानाला लावला. तारा म्हणे, जेवले का? मी म्हणलं, व्हय. ती म्हणे, काय केलं? मी म्हणलं, भात. ती म्हणे, करपला का? मी म्हणलं, न्हाई. डोळ्याला पट्टी हाय तरी हिला भात दिसून राहिला.

जीपनं सेनगावला गेलो. पुनमचंदला म्हणलं, ॲसिड दे, जालीम पाहिजे. तो म्हणे, काका, बादलीभर पाण्यात थोडंसं टाकायचं, जरा वेळ ठेवायचं, लगेच धुवायचं, खिडकी उघडी ठेवायची, सांध्यांवर जास्त न्हाई. इतक्या सूचना तर मला लग्नात न्हाई भेटल्या. मी म्हणलं, पाणीच टाकायचं तर ॲसिड काहून घ्यायचं? त्यानं बाटली कागदात गुंडाळली. हा माझा दुसरा सवाल त्याला भारी पडला.

७ जानेवारी, बुधवार

अख्खी बाटली ओतली. नुसती.

काय काम केलं! सांध्यांतून फसफस फेस येऊन राहिला. जितका फेस तितकी घाण निघते, हे उघड हाय. मी खोकत होतो, ती थंडी. डोळ्यांतून पाणी आलं तेबी थंडीनंच. बाहेर अंगणात जरा वेळ बसावं लागलं. सोनाजीची कुत्री न्हाणीच्या मोरीकडं आली, वास घेतला आन तोंड फिरवून जी पळाली ती पार देवळापर्यंत.

सांजच्याला धुतलं. फरशी आरसा! वाकून बघितलं तर चेहरा दिसला. सांधे पांढरेफेक. नळ काळा पडला, पण तो नळच चीनचा असंल.

नीलांबरीला सांगितलं, झालं काम. ती म्हणे, इतक्यात? ती म्हणे, घसरत तर न्हाई ना? मी म्हणलं, कोण घसरंल, घरात माणूस कुठाय.

९ जानेवारी, शुक्रवार

छोटी गोष्ट. सांधे पांढरे झाले न्हाईत. सांधे गेले. तिथं आता सांधाच न्हाई, नुसती फट हाय, तिच्यातून खालची वाळू दिसते. ॲसिडानं घाण खाल्ली आन घाण संपल्यावर सिमेंट खाल्लं. कामसू माल. पुनमचंदनं नीट सांगायला पाहिजे होतं.

आंघोळीचं पाणी मोरीकडं जायच्या आधीच फटींत गायब होतं. एका अर्थी बरं, फरशी लवकर कोरडी होते.

सोनाजी सकाळी सकाळी दारात. त्याच्या बाजूनं भिंतीला ओल फुटली, भिंतीला टेकवलेलं तुरीचं पोतं खालून भिजलं. म्हणे, उद्धवराव, तुमी आंघोळ करता का तुरीला पाणी देता? मी म्हणलं, तूर भिजली तर डाळ लवकर शिजंल. त्याला गंमत कळत न्हाई. बायकोनं मागून हाक मारली तवा गेला.

१० जानेवारी, शनिवार

रात्री पडल्या पडल्या सुचलं. आमच्या महादेवाचं देऊळ किती जुनं! त्याला कुठं व्हाइट सिमेंट होतं? जुनी माणसं चुना आन गूळ मळून लावायची. अजून एक दगड हलला न्हाई. आन हे आजकालचे पुड्यातलं ग्राउट लावतात, दोन सालात संपतं. (आमचं ॲसिडानं संपलं, पण संपलं ना.)

चुना आणला. घरातला गूळ काढला, संक्रांतीसाठी तारानं भरून ठेवलेला. मळला. बोटानं एक एक फट भरली. गुडघे गेले, पण काम असं झालं की बघत राहावं. पिवळसर रंग आला, पुरणासारखा. 

नीलांबरीला फोनवर सांगितलं, सांधे देवळाच्या पद्धतीनं भरले. तिनं तेच परत एकदा सांगायला लावलं. अभिमान वाटला असंल.

१२ जानेवारी, सोमवार

मुंग्या.

पहिल्यांदा काळ्या, मंग लाल. मोरीतून आत, फटीफटीनं रांग, भिंतीवरून चौकटीपर्यंत. समद्या गावात वर्दी गेली असावी. पाय टेकवायला जागा न्हाई. देवळाला मुंग्या काहून लागल्या न्हाईत हा विचार करण्यासारखा मुद्दा हाय. मला वाटतं तवाच्या मुंग्या वेगळ्या होत्या.

आंघोळ देवळाच्या विहिरीवर केली. थंड पाणी तब्येतीला बरं.

तारा फोनवर म्हणे, आवाज काहून असा येतोय? मी म्हणलं, सर्दी. ती म्हणे, गूळ कुठाय विचारायचं होतं, सोनाजीच्या घरी थोडा देऊन या, माझ्याकडून संक्रांतीचा. मी म्हणलं, गूळ वापरात हाय.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

काल भोगी. सोनाजीच्या बायकोनं बाजरीची भाकर आन भोगीची भाजी पाठवली. सोनाजी स्वतः घेऊन आला. म्हणे, खा, तुमच्या मुंग्या आमच्याकडंबी आल्या, आता आपण एकाच घरातले. मी म्हणलं, ठेव तिथं. चांगली होती भाजी. ताराच्या हातची जास्त तिखट असते. तशीच पाहिजे असते.

आज नीलांबरीनं जीपवाल्याच्या हाती तिळाचे लाडू पाठवले. सोबत निरोप, आईनं एका डोळ्यानं बघून वळले. लाडू समदे एकसारखे गोल. या आधी ताराचे लाडू लहान-मोठे व्हायचे आन मी तिला बोलायचो. नजर न्हाई म्हणून होत होते का काय, कोण जाणे.

घरात शांतता हाय. लई शांतता हाय. पाहिजे होती तेवढ्यापेक्षा थोडी जास्तच.

फटींतला गूळ-चुना चमच्यानं कोरून काढला. अर्धा निघाला. बाकीचा मुंग्या नेतील.

१६ जानेवारी, शुक्रवार

न्हाणीला जरा दम खाऊ दिला. आज स्वयंपाकघर. ओट्याचा काळा कडप्पा, त्याच्यावर पिठाचे आन लिंबाचे डाग. तारा नुसतं ओलं फडकं मारायची, म्हणून हे हाल.

मारुतीच्या मूर्तीला दर शनिवारी तेल देतो. काळा दगड तेलानं कसा उजळतो हे मला शिकवावं लागत न्हाई. करडीचं तेल घेतलं, हात भरून चोळलं. ओटा असा चमकला की छताचा पंखा त्याच्यात फिरताना दिसला.

लगेच नीलांबरीला व्हिडिओ कॉल लावला. ताराच्या डोळ्याला काळा चष्मा, सिनेमातल्या गुंडासारखी दिसून राहिली. मी ओटा दाखवला, न्हाणी दाखवली (मुंग्यांची बाजू सोडून). ती जवळ तोंड नेऊन बघत राहिली आन म्हणे, समदंच चकाकून राहिलं हो. मला तर भ्या वाटतं.

बघा. बाई माणसाला इतकं लख्ख घर बघायची सवय न्हाई. 

नीलांबरी मागून म्हणे, बाबा, चकाकतं तेच तर घसरतं. हिचं शिक्षण मीच केलं.

सांजच्याला ओट्यावर ठेवलेलं पातेलं आपोआप सरकत सरकत गॅसपासून पार भांड्याच्या मोरीपर्यंत गेलं. मी बघत होतो. ओट्याला उतार असंल, गवंड्यानं काम बेकार केलं.

तेलाची फडकी न्हाणीत धुतली.

१७ जानेवारी, शनिवार

न्हाणीत बसलो.

पडलो न्हाई. बसलो. पाय पुढं गेला आन मी बसलो. बसायचंच होतं. फक्त जरा लवकर बसलो आन पाटावर न्हाई.

उठता उठता परत बसलो.

सोनाजी भिंतीपलीकडून ओरडला, उद्धवराव, काय पडलं हो? मी म्हणलं, बादली. तो म्हणे, बादली आई गं म्हणते व्हय?

१८ जानेवारी, रविवार

पडून राहिलो. आराम. डाव्या कुशीवर झोपता येत न्हाई, पण मला उजव्याच कुशीची सवय हाय. आधी नव्हती, आता हाय.

छताकडं बघून विचार केला. खरा प्रश्न घाण न्हाईच. खरा प्रश्न ग्रिप. हे इतक्या दिवसांत ना पोरीला कळलं, ना जावयाला, ना पुनमचंदला. मलाच शोधून काढावं लागलं. देवळाच्या पायऱ्या हजारो लोक ओल्या पायानं चढतात, कोणी घसरत न्हाई. काहून? खरबरीत हायेत. टाइल खरबरीत केली की काम फत्ते. चमकबी राहील आन ग्रिपबी येईल.

१९ जानेवारी, सोमवार

नशीब जोरावर. सकाळीच गल्लीत आवाज, टाकीये पाटा-वरवंट्याला टाकीये! पारुबाई. मी लंगडत लंगडत जाऊन तिला बोलावलं. तिनं पाटा कुठाय विचारलं. मी तिला न्हाणीत नेलं आन म्हणलं, या फरशीला टाकी घाल.

बाई माझ्याकडं बघत राहिली, मंग टाइलकडं, मंग परत माझ्याकडं. म्हणे, दादा, बाई घरात न्हाईत का? मी म्हणलं, तिचा काय संबंध. ती म्हणे, असत्या तर तुमच्याच डोक्याला टाकी घालून घेतली असती त्यांनी. फरशी काचेवाणी असते, छिन्नी लागली का फुटंल. टाकी दगडाला. मी म्हणलं, तुला पैशाशी मतलब. ती म्हणे, पैसे घेऊन फोडायला मी काय पोरगं हाय चेंडू खेळणारं? आन तुमचा तो चांगला काळा दगड कुठं गेला? टाकी घालता घालता माझी माय म्हातारी झाली त्या दगडावर. मी म्हणलं, जुना झाला होता. ती हसली, पिशवी उचलली आन निघाली. जाता जाता सोनाजीच्या पाट्याला टाकी घालून गेली. अर्धा तास टकटक, मुद्दाम मोठ्यानं.

कामचुकार लोक. आपला हात जगन्नाथ.

२० जानेवारी, मंगळवार

देवळातून छिन्नी-हातोडी आणली. एका कोपऱ्यातून सुरुवात. अगदी हळू मारली.

पहिली टाइल आधीपासूनच तडकलेली असावी.

दुसरी बसवताना खाली पोकळ ठेवलेली होती, आवाजावरून कळलं. फुटल्यावर कळलं, पण आवाजावरूनच कळलं.

तिसरी मधली. तिचे तीन तुकडे झाले, त्यातला एक उडून नळाला लागला. नळ तसाबी काळाच होता.

चौथ्या टाइलवर मात्र बारीक खड्डा पडला, न फुटता. म्हणजे पद्धत बराबर हाय. टाइलाच कच्च्या.

२२ जानेवारी, गुरुवार

छिन्नी परत देवळात. आता पॉलिश पेपर, जाड्या दाण्याचा. आपण बोलतो पॉलिश, पण खरडतो. फुटलेल्या सोडून बाकी समद्या टाइला दोन दिवस बसून घासल्या. हाताची सालं गेली. चमक गेली, आता टाइल राखेसारखी दिसते. ग्रिप आली का? कोरड्यात आली. ओल्यात तेलाचा अंश अजून हाय, तर तिथलं विचारू नये.

फुटलेल्या जागी वाळू भरली, वरून बारदान टाकलं. बारदान लई काळ टिकतं.

नीलांबरी फोनवर म्हणे, बाबा, खरं सांगा, झालं का? मी म्हणलं, नव्वद टक्के. ती म्हणे, राहिलेले दहा टक्के म्हणजे काय? मी म्हणलं, फरशी.

२४ जानेवारी, शनिवार

उद्या रथसप्तमी. सकाळी ताराचा फोन. सरळ विचारलं, मी येऊ का नको? इतकं सरळ ती कधी विचारत न्हाई. मी म्हणलं, तुझी मर्जी. घर लख्ख हाय.

ती म्हणे, आपला न्हाणीचा दगड कुठाय? मी म्हणलं, सोनाजीकडं, धुण्याला. लगेच म्हणे, सोनाजीला फोन द्या जरा. मी म्हणलं, त्याच्याशी काय काम? ती म्हणे, त्याच्या बायकोला हळदीकुंकवाचं सांगायचंय. बायकोचं काम तर नवऱ्याशी काहून बोलते, हे मला समजलं न्हाई. मी भिंतीवरून फोन दिला. सोनाजी व्हय वहिनी, व्हय, आजच, न्हाई न्हाई त्यांना कशाला सांगता, असं काहीबाही बोलला आन हसत राहिला. फोन परत देताना म्हणे, उद्धवराव, उद्या पूजा जरा निवांत करा, घाई करू नका.

देवाधर्माचं हा मला शिकवणार.

मला न्हाई वाटत ती येईल. न्हाई आली तरी ठीक हाय. बारदान धुऊन वाळत घातलं.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

देवळात गर्दी होती. घरी यायला अकरा झाले. गल्लीत शिरलो तर माझ्याच घरातून टकटक, टकटक.

न्हाणीत पारुबाई बसलेली. सोनाजी चिखलानं भरलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत. फुटलेल्या टाइला काढून टाकलेल्या, त्या जागी तो काळा दगड बसवलेला, सिमेंटनं, मोरीकडं उतार देऊन. पारुबाई त्याच्यावर शेवटची टाकी घालून राहिली होती. सकाळी मी देवळाकडं वळलो न्हाई तोच हे लोक शिरले. ताराचा हुकूम होता म्हणे.

मी म्हणलं, मला विचारायचं तरी. सोनाजी म्हणे, वहिनी बोलल्या, विचारलं तर ते दगडाला तेल लावतील. पारुबाई म्हणे, आन गूळ.

मी बारकाईनं बघितलं. खालची जागा मीच फोडून ठेवली होती म्हणून यांचं काम सोपं झालं. न्हाई तर टाइला काढायलाच यांचा अख्खा दिवस गेला असता. हे कोणी बोललं न्हाई. बोलणार न्हाईत.

दोनला जीप आली. नीलांबरी उतरली, मागून तारा, काळा चष्मा लावून. चपला काढून सरळ न्हाणीत गेली. दगडावर पाय ठेवला, अंगठ्यानं घासून बघितला, पाणी टाकलं, परत पाय ठेवला. मंग ओट्याकडं गेली, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मंग भिंतीवरची मुंग्यांची वाट बघितली, पार चौकटीपर्यंत नजरेनं गेली. मंग गुळाच्या रिकाम्या डब्यात बघितलं. इतकं बारीक तिला कधी दिसत नव्हतं. भिंग लई भारी टाकलंय डॉक्टरनं, गरज नसताना.

सांजच्याला बाया आल्या. हळदीकुंकू झालं. समद्या बाया न्हाणीत जाऊन बघून आल्या, दोघी तर दोनदा गेल्या. हसण्याचा आवाज येत होता, कशावरून ते मला माहीत न्हाई.

जायच्या टाइमाला नीलांबरी म्हणे, आई, चल ना परत, दुसरा डोळा होईपर्यंत तरी राहा. तारा म्हणे, डोळ्यासाठी तारखेला येईन. राहायला न्हाई. दगड हाय की आता. नीलांबरी माझ्याकडं बघून म्हणे, आन बाबा? तारा म्हणे, यांना कोण सांभाळंल, मुंग्या?

पोरगी एकटी गेली. म्हणजे न्हाणी पसंत पडली. इतक्या दिवसांची मेहनत वाया न्हाई गेली.

२६ जानेवारी, सोमवार

पहाटे पाचला उठलो. कोणी उठवलं न्हाई. तारासाठी पाणी तापवलं, बादली न्हाणीत नेऊन ठेवली.

ती आंघोळीला गेली. मी दाराबाहेर उभा राहिलो. आतून म्हणे, काहून उभे? मी म्हणलं, नळ बघायला आलो. ती म्हणे, नळ आत हाय. मी तिथंच उभा राहिलो. आतून नुसता पाण्याचा आवाज, बाकी काही पडल्याचा आवाज न्हाई.

बाहेर आली. केस कोरडेच, डोक्यावरून पाणी घ्यायची मनाई हाय. अंगणात उन्हात उभी राहिली, काळा चष्मा काढला आन माझ्याकडं बघत राहिली. लई वेळ. मला वाटलं, आता फरशीचं काढणार. मी उत्तरं तयार ठेवली, गवंडी, पुनमचंद, चीनचा नळ.

ती म्हणे, अहो, तुमची मिशी पांढरी कवा झाली?

मी म्हणलं, काळी हाय. तुझं भिंग नवीन हाय, बसायला टाइम लागंल.

मी खात्री करायला न्हाणीत गेलो. या भिंतीकडून त्या भिंतीपर्यंत वाकून वाकून बघितलं. एका बी टाइलमदी चेहरा दिसंना.

बाहेर आलो. तिला विचारलं, समदी पांढरी का थोडीशी?

समदी, म्हणाली. पाय पुसा आधी.